आंग घाटात, डोकं अकोल्यात

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही राजेहो. माझ्या चष्म्याच्या दुकानात जुन्या फ्रेमांचं जसं होतं तसंच किश्श्यांचं होतं. एक टाकली खोक्यात, दुसरी टाकली, आणि एक दिवस खोक्याचं झाकणच लागेना! आमच्या ग्रुपचं खोकं आता तसं झालंय, म्हणून म्हटलं थोडं मोकळं करावं.

ग्रुपचं नाव 'कलंडे'. माणसं मोजकी. अमरावतीचे दोघे, मी आणि प्रफुल्ल सर. सर कॉलेजात गणित शिकवतात आणि रविवारी आम्हाला. तिसरे अकोल्याचे सलीमभाई, त्यांचं गादी-रजईचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. तिघंही चाळिशी ओलांडलेले, तिघांकडेही पुढं वाकून बसायची, ढुंगण वर करणारी स्पोर्ट बाईक, आणि तिघांच्याही घरच्यांना ती गाडी डोळ्यासमोर नको!

आमचा छंद एकच. वळणावर गाडी नीट कशी कलवायची ते शिकणं. तुम्ही म्हणाल, यात शिकण्यासारखं काय आहे? तर ऐका.

*

आमची मुख्य अडचण म्हणजे वऱ्हाड! अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला जा, दोन्ही बाजूला काळं रान आणि मधे फूटपट्टीनं आखलेला रस्ता. वळायचं म्हटलं तर वळणच नाही.

एकदा लग्नाला आलेला सरांचा पुण्याचा भाचा आमच्या गाड्या बघायला आला. खाली वाकून टायर बघितले. मधला भाग घासून पाटा झालेला आणि दोन्ही कडांना नव्या टायरवर असतात ती रबराची केसं जशीच्या तशी.

"मामा, तुम्ही लोक वळत नाही का?" त्यानं विचारलं.

सर म्हणाले, "वळाचं कुठी? दाखव ना तू!"

भाच्यानं हात झटकले. तेव्हापासून आम्ही रविवारी सकाळी परतवाड्याला भेटायला लागलो. तिथं चहा घ्यायचा आणि चिखलदऱ्याच्या घाटाला लागायचं. देवानं आमच्यासाठी जी काही वळणं ठेवली ती सगळी तिथंच आहेत.

*

तर वळणावर बसायची पद्धत अशी. उजवीकडं वळायचं असेल तर वळण यायच्या आधीच सीटवरून अर्धं बूड उजवीकडं काढायचं. डावा गुडघा टाकीला घट्ट दाबून धरायचा. छाती खाली, हनुवटी उजव्या आरशाकडं. हँडल इतकं हलकं धरायचं, जणू मुठीत चिमणीचं पिल्लू आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नजर वळणाच्या शेवटाकडं. जिकडं नजर तिकडं गाडी.

हे सरांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की माझी बायको सुनीता स्वयंपाक करताना म्हणून दाखवते.

सलीमभाईंना हे सगळं तोंडपाठ. डावं वळण तर असं घ्यायचे, की बघत राहावं. पण उजवं आलं की काय व्हायचं कोण जाणे. बूड बरोबर निघायचं, गुडघा बरोबर लागायचा, आणि मुंडकं मात्र उलट्या बाजूला ताठ! उजव्या वळणाला आपल्या डाव्या हाताला दरी असते, दरीच्या कडेला कठडा असतो, आणि सलीमभाई त्या कठड्याकडं टक लावून बघायचे.

सर मागून ओरडायचे, "सलीमभाई, आंग घाटात अन् डोकं अकोल्यात!"

*

आणि मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते व्हायचं ते झालंच.

घाटात एक लांबलचक उजवं वळण आहे. सलीमभाई माझ्या पुढं होते. बूड निघालं, गुडघा लागला, आणि गाडी सरळ! कठड्याच्या अलीकडं गवताची पट्टी होती, गाडी तिच्यात घुसली आणि आडवी झाली. सलीमभाई कठड्याला टेकून बसले. कठड्यावर चार माकडं बसली होती, त्यातलं एकही उठलं नाही.

मी गाडी सोडून धावलो. खरं सांगतो, ती चार पावलं आजही आठवली की पाणी प्यावं लागतं. सलीमभाईंनी हेल्मेट काढलं, माकडाकडं बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, कॉलर बोन गेलं वाटते."

आम्ही खाली परतवाड्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी अकोल्याहून नसरीन भाभी आल्या. घरी त्या दोघांचं हिंदी चालतं, आमच्याशी मात्र आमच्यापेक्षा ठसकेबाज वऱ्हाडी. त्यांनी खांद्याला बांधलेला पट्टा बघितला, औषधं बघितली आणि एकच प्रश्न विचारला.

"टर्नवर कुठी पाहून राहिले होते तुमी?"

सलीमभाई खोटं बोलू शकत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. म्हणाले, "कुठीच नाही. कठडा दिसला अन् डोये मिटले माहे."

भाभींनी फक्त औषधं पिशवीत टाकली. पण हाड जुळल्यावर सलीमभाईंना घेऊन अमरावतीला माझ्या दुकानात आल्या. "भाऊ, यायचे डोये तपासून द्या."

मी तपासले. लांबचं, जवळचं, सगळं चोख, पंचविशीच्या पोरासारखं. तसं मी सांगितलं.

भाभी म्हणाल्या, "हाव, उघडे असले तं चांगलेच आहे ते!"

*

त्याच दिवशी, माझ्याच दुकानात, त्यांनी आपली अट सांगितली.

"मी एकडाव गाडीवर मागं बसीन. परतवाड्यापासून वरपर्यंत. तो टर्नबी घ्याचा. भीतीनं माहे डोये एकदाबी मिटले, तं गाडी विकाची. नाही मिटले तं मी पुन्हा शब्द काढनार नाही."

सलीमभाईंचा चेहरा उतरला. ते अर्धं आयुष्य कापसात बसलेले. नाकात कापूस, भुवयांवर कापूस. "आठवडाभर कापसात बसतो भाऊ, रविवारी तरी आंगाले वारा लागू द्या," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. गाडी गेली असती तर त्यांचा रविवार गेला असता. आणि आमचाही, कारण सलीमभाईंशिवाय आम्ही दोघं घाटात जाऊन काय एकमेकांची तोंडं बघणार होतो?

बरं, अट मोडायची सोय नाही. भाभी ज्या दिवशी "नाही" म्हणतात त्या दिवशी दुकानातला पंखासुद्धा विचारून फिरतो.

सर म्हणाले, "उन्हाळ्याच्या आत सलीमभाईचा उजवा टर्न सरळ करतो मी."

"सरळ नोका करू सर," सलीमभाई कळवळून म्हणाले, "सरळ गेलो म्हनून तं पडलो!"

*

पहिली शिकवणी सलीमभाईंच्या दुकानातच झाली. गाडी स्टँडवर उभी केली आणि दोन्ही बाजूला गाद्या टाकल्या. कॉलर बोन नवीन होतं, धोका कशाला घ्या! सर समोर उभे राहून हात दाखवायचे आणि सलीमभाई तिकडं अंग काढायचे. उजवीकडं हात गेला की मी मागून त्यांचं मुंडकं फिरवायचो.

ऐन रंगात आलो असताना एक पाहुणे दुकानात शिरले. मुलीचं लग्न होतं, रुखवतात द्यायला गादी हवी होती. त्यांना बघून सलीमभाई "या, या, बसा" म्हणायला गेले, उजव्या बाजूला लटकलेलेच होते, सुटले आणि थेट गादीवर आडवे!

पाहुण्यांनी त्यांच्याकडं बघितलं, गादीकडं बघितलं.

"लागलं का?"

"नाही ना बाप्पा," सलीमभाई झोपूनच म्हणाले.

"मंग हेच द्या!"

*

पुढची शिकवणी मोकळ्या जागेत. अकोल्याबाहेर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं मोठं पटांगण आहे, मालक सलीमभाईंचा दोस्त. शिकवणीला खुणा लागतात, म्हणजे ते नारिंगी शंकू. ते आमच्याकडं कुठून असणार? पण माझ्या साळ्याची परतवाड्याजवळ संत्र्याची बाग आहे. बारीक, न विकली जाणारी संत्री पोतंभर आणली आणि सरांनी खडूनं आखून मोठ्ठा इंग्रजी आठ मांडला. एक गोल डावा, एक गोल उजवा.

डावा गोल सलीमभाईंनी सुरेख मारला. उजव्यात मुंडकं पुन्हा अकोल्याकडं. तसं आता अकोला सगळीकडंच होतं, पण तुम्हाला कळलं. गोल सुटला, संत्री चिरडली, सर कपाळाला हात लावून उभे.

"चहा घेऊ," मी म्हटलं. आम्ही भिंतीच्या सावलीत थर्मास उघडून बसलो. वळून बघतो तर गावातल्या गाई पटांगणात! कुठून शिरल्या कळलंच नाही. आणि खात होत्या काय, तर मोठ्या शिस्तीनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फक्त उजवा गोल!

सर धावले, हाड-हाड केलं, पण तोवर सालंसुद्धा राहिली नव्हती.

"सलीमभाई," सर धापा टाकत म्हणाले, "गाईनं टर्न खाल्ला तुमचा!"

सलीमभाईंनी कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा त्या दिवशी हसले.

"चला, म्हंजे आता डावाच राहिला!"

*

आता थोडं सरांबद्दल, नाहीतर तुम्हाला वाटेल आमचे गुरू म्हणजे कोणी सिद्धपुरुष.

स्पोर्ट बाईकवाल्यांच्या पँटीला गुडघ्यावर प्लॅस्टिकच्या चकत्या असतात. गाडी फार कलली की गुडघा रस्त्याला लागतो, तेव्हा त्या चकत्या घासतात. चकती घासलेली म्हणजे माणूस पोचलेला, असा हिशेब. सर एका रविवारी परतवाड्याला आले आणि काहीही न बोलता खुर्चीवर पाय पसरून बसले. दोन्ही चकत्या अर्ध्या झिजलेल्या!

आम्ही थक्क. सलीमभाईंनी तर वाकून हात लावून बघितला. "सर, कवा लावला गुडघा?"

"गेलो होतो एकटाच, मधल्या वारी," सर चहा फुंकत म्हणाले.

नंतर संक्रांतीला त्यांच्या घरी तिळगूळ घ्यायला गेलो. सरांच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. माझ्या हातावर तिळगूळ ठेवत म्हणाल्या, "काहून रे, तुमच्या त्या गाड्यायचा काही नवस गिवस असते का?"

"नाही आई, काहून?"

"आमचा प्रफुल्ल सकायपासून ओट्यावर गुडघे घासून राहिला होता त्या दिवशी!"

*

आणि 'जिकडं नजर तिकडं गाडी' हे सूत्र खरं आहे, याचा पुरावाही सरांनीच दिला. घाट चढून वर आलं की रबडीवाल्यांची रांग लागते. आमच्या पुढं जाताना सरांनी एका पाटीकडं बघितलं. निव्वळ बघितलं! गाडी रस्ता सोडून अलगद त्या दुकानासमोर, बाकड्याच्या वीतभर अलीकडं जाऊन थांबली. सरांचा चेहरा पांढरा फटक.

दुकानदार जागचा हलला नाही. हातात द्रोण घेऊन म्हणाला, "पाव किलो देऊ का अर्धा?"

*

असं करता करता हिवाळा सरत आला. आता भाभींचीही तयारी करून घेणं भाग होतं. मागं बसणाऱ्यानं चुकीच्या बाजूला वजन टाकलं तर पुढच्याचं काही चालत नाही. त्यातून स्पोर्ट बाईकची मागची सीट म्हणजे देवघरातला पाट बरा!

ती शिकवणी मी घेतली. सलीमभाईंच्या दुकानात गाद्यांची चळत रचली, पुढं एक मोठा लोड उभा केला, तो सलीमभाई. भाभी मागं बसल्या. सुनीताही सोबत आली होती.

"भाभी, एकच ध्यानात ठेवा. उजवा टर्न आला की यांच्या उजव्या खांद्यावरून पुढं पाह्यचं. डावा आला की डाव्या खांद्यावरून. बाकी काही करायचं नाही."

भाभींनी लोडाला धरून उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. एकदम बरोबर! आम्हाला जे जमायला वर्षं गेली ते त्यांनी चहा निवायच्या आत केलं.

मी सुनीताला म्हटलं, "पाह्य! नाहीतर तू. स्कूटरवर मी उजवीकडं वळलो की तू डावीकडं कलतेस."

सुनीता म्हणाली, "मी उलटी कलते म्हनूनच तं आजपर्यंत घरी पोचत आलो आपन!"

भाभी इतक्या हसल्या की लोड आडवा झाला. सलीमभाई हसले नाहीत. आडव्या पडलेल्या लोडाकडं बघत बसले.

*

आणि तो रविवार आला.

परतवाड्याला नेहमीच्या टपरीवर भेटलो. भाभींनी ओढणी घट्ट गुंडाळून वर हेल्मेट घातलं होतं, अंगात सलीमभाईंचंच जुनं जाकीट. सलीमभाईंना चहा जाईना. कप तसाच ठेवून मला बाजूला घेतलं.

"भाऊ, गाडी गेली तं गेली. पन ते मागं बसून राहिली ना..." 

मी त्यांचा चांगला खांदा थोपटला. म्हटलं, "सावकाश चला. मी मागंच आहो."

सर पुढं, मधे ती दोघं, मागं मी. पहिली वळणं डावी-उजवी, छोटी छोटी. सलीमभाई बैलगाडीच्या वेगानं घेत होते. कोणी हसलं नाही. माझा जीव त्यांच्या मागच्या दिव्यात अडकलेला. मनात म्हटलं, गाडी विकली तर विकली, रविवारी पत्ते खेळू, पण ही दोघं धड वर पोचू दे.

मग ते लांब उजवं वळण आलं. कठडा दिसला. माकडंसुद्धा होती, तीच की दुसरी कोण जाणे.

सलीमभाईंनी वेग कमी केला. बूड उजवीकडं निघालं. डावा गुडघा टाकीला लागला. आता मुंडकं, मी हेल्मेटमधे ओरडलो, मुंडकं!

आणि राजेहो, भाभींचं हेल्मेट सलीमभाईंच्या उजव्या खांद्यावरून पुढं आलं, त्यांच्या हेल्मेटला टेकलं, आणि दोन्ही डोकी एकदमच उजवीकडं झुकली. कोपर सैल, खांदे खाली, हनुवटी आरशाशी. गाडी अशी वळली, जशी पाट्यावर पुरणाची गोळी फिरते. कठडा आला, कठडा गेला. माकडांनी माना फिरवून बघितलं.

मी हेल्मेटमधे रडलो. काच आतून धुक्यानं भरली आणि पुढचं वळण मीच कसंबसं घेतलं.

वर चिखलदऱ्याला कॉफीच्या टपरीवर गाड्या लावल्या. सर गाडीवरून अर्धवट उतरले तसेच धावत आले. त्यांनी आरशातून सगळं बघितलं होतं.

"हेच! हेच सांगून राहिलो होतो मी वर्षभर! सलीमभाई, पुस्तकात छापावी अशी बॉडी पोझिशन होती! केलं काय तुमी?"

 सलीमभाई कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून खाली बघत होते. वाटलं, माणसाला भरून आलं आहे.

भाभींनी हेल्मेट काढलं, ओढणी नीट केली, दरीकडं बघून मोठा श्वास घेतला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत उभे. शेवटी मलाच विचारावं लागलं.

"भाभी... डोळे?"

"उघडे होते."

"पूर्ण रस्ता?"

"हाव, पूर्ण. नाही विकाची गाडी."

सरांनी टपरीपुढंच उडी मारली. मी सलीमभाईंना मिठी मारली, त्यांची कॉफी माझ्या जाकिटावर. टपरीवाल्याला वाटलं कोणाला नोकरी लागली. एवढं हलकं मला लेकीचं लग्न लागलं तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

थोडं शांत झाल्यावर सर म्हणाले, "पन भाभी, मानलं तुमाले. त्या टर्नवर भीती नाही वाटली?"

"वाटली ना! लय वाटली," भाभी म्हणाल्या. "पन मिटू कशी सर? आरशात पाहिलं तं यायचेच डोये मिटेल होते, मंग मुंडकं मीच ढकललं. गाडीवर दोघं बसेल, एकाचे तं उघडे पायजे!"